खंडेनवमीला थांबलेला वारा

अंबरपेठ, हैदराबाद
पितृपंधरवडा

श्री. प्रतापराव यांस,

माधवचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहे, म्हणजे जेवढे असायला हवे तेवढे. तुमचा गुडघा कसा आहे? गेल्या दसऱ्याला तो दुखत असता तर तुम्ही माळ चढला नसता आणि मला हे पत्र लिहावे लागले नसते. पण नेमका तेव्हाच तो बरा होता. पितृपंधरवड्यात शुभ काही लिहू नये म्हणतात, म्हणून नुसते खरे लिहितो. कुसुमच्या भावाला कुसुमचा नवरा पत्र लिहितो आहे, यावरूनच बहीणभावाचे बोलणे बंद आहे हे पोस्टमनच्याही लक्षात येईल. काय करणार, तुम्ही फोन उचलत नाही.

आधी तुमच्या भाचीचा धंदा समजून घ्या. आमची ऋचा ज्या कंपनीत आहे तिथे पवनचक्क्या कुठे उभ्या करायच्या हे संगणक ठरवतो. त्याला माळामाळावरच्या वाऱ्याच्या नोंदी आणि जुने हवामान पाठ करायला देतात, मग तो पुढच्या वीस वर्षांचा वारा सांगतो. (मला संध्याकाळची भाजी सांगता येत नाही.) त्यावरून तो चक्क्यांची मांडणी करतो. यात एक सोवळे आहे. पुढच्या चक्कीच्या पात्यांतून निघालेला वारा दमलेला असतो, तो मागच्या चक्कीला लागला की ती कमी वीज करते. ऋचाने हे मला अर्धा तास इंग्रजीत समजावले. मी म्हटले, म्हणजे उष्टा वारा. ती म्हणाली, "हौ बाबा, तसंच." आता तिच्या ऑफिसातली तेलुगू मंडळीही त्याला 'एंगिली गाली' म्हणतात, म्हणजे उष्टा वाराच. निवृत्तीनंतरची माझी कामगिरी एवढीच.

तर गेल्या वर्षी वारा मोजायचे एक यंत्र तुमच्या माळावर आले. कपडे धुवायच्या मशीनएवढी पेटी, वर काचेचा डोळा. त्यातून ती आकाशात किरण सोडते आणि हवेतल्या धुळीवरून परतलेल्या उजेडावरून वारा ओळखते. तुम्ही जागा आनंदाने दिलीत, राखणदार बबलूला दोन्ही वेळा जेवू घातलेत. मग खंडेनवमी आली. ज्या घरात ट्रॅक्टरपासून वहिनींच्या मिक्सरपर्यंत सगळ्यांना त्या दिवशी झेंडू आणि सुट्टी मिळते, त्या घरच्या माळावरचे यंत्र तसेच कसे राहील? तुम्ही चढून गेलात. काचेवर हळदीकुंकू वाहिलेत, हार घातलात, आणि त्या दिवशी हत्यार चालवायचे नसते म्हणून वरून नवे उपरणे पांघरलेत. पेटीला काच पुसायची एक पुसणी असते. तिने आपले काम चोख केले आणि कुंकू काचभर सारखे पसरवले. बबलू सणाला गावी गेला होता तो दिवाळी करूनच परतला, आणि पूजेतले आपण कसे हलवायचे म्हणून त्याने कशालाच हात लावला नाही. (माणूस सज्जन आहे. या प्रकरणातले सगळे नुकसान सज्जन माणसांनीच केले आहे.)

इकडे ऋचाला त्या दिवसांच्या नोंदी कोऱ्या आल्या. असे पंचवीस माळ तिच्या गळ्यात. घाईघाईत तिने कोऱ्या जागी शून्य भरले. आणि संगणक म्हणजे दिलसुखनगरच्या क्लासातला विद्यार्थी. दिले ते पाठ करतो, असे कसे म्हणून विचारत नाही. त्याने पाठ केले की प्रतापरावांच्या माळावर नवमीला वारा पडतो आणि दिवाळी उलटली तरी उठत नाही. असल्या बेभरवशाच्या जागी त्याने एकही चक्की मांडली नाही. सगळ्या मांडल्या ओढ्यापलीकडे, हिम्मतरावांच्या बरडावर.

हिम्मतरावांशी तुमचा बांधावरून वडिलांपासूनचा वाद, हे संगणकाला कुणी पाठ करायला दिले नव्हते. तुम्ही फोनवर कुसुमला म्हणालात, "भाचीनं मामाचं नाक कापलं. आता तुझं माहेर हिम्मतरावाकडंच." आणि फोन ठेवलात. मी हसलो, ते चुकलेच. कुसुमने तरीही राखी पाठवली, ती पोचल्याचे उत्तर आले नाही. सुलतान बाजारातून वहिनींसाठी घेतलेली साडी ती कपाटातून काढते, घडी मोडते आणि पुन्हा तीच घडी घालते. दर नवरात्रात ती अष्टमीला तुमच्याकडे असते. यंदा तिने माहेरचे नावसुद्धा काढलेले नाही. मी दुसऱ्यांच्या भांडणात न पडणारा माणूस आहे, पण हे मला बघवत नाही.

उलगडा गेल्या आठवड्यात झाला. ऋचा घरच्या ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फोटो शोधत होती, आणि गेल्या खंडेनवमीला तुम्हीच पाठवलेला फोटो वर आला: उपरणे पांघरलेली पेटी, शेजारी तुम्ही. त्याखाली आम्ही सगळ्यांनी हात जोडले होते. ऋचाने तीनदा. ती म्हणाली, "बाबा, मी हा बघितला होता," आणि त्या दिवसांच्या नोंदी उघडून बसली. दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन साहेबांना शून्यांचे सांगितले. साहेबांनी काय ऐकवले ते ती सांगत नाही. पण मांडणी थांबवली आहे आणि यंत्र पुन्हा तुमच्या माळावर येते आहे. या खेपेस जो येईल तो खरा वारा असेल. चक्की मिळेलच असे मी म्हणत नाही.

वहिनींना नमस्कार सांगा. राग असू द्या, पण फोन उचला.

आपला,
माधव

ता. क. यंत्र नवमीच्या आधी पोचेल. हात जोडून विनंती आहे, यंदा त्याची पूजा करू नका. पत्राचे खरे कारण एवढेच.

ता. क. २. हे पत्र लिहिल्याचे कुसुमला ठाऊक नाही आणि कळताही कामा नये.

ता. क. ३. दादा, यांना पाकिटाला लावायचा गोंदसुद्धा माझ्याकडंच मागावा लागतो. यांचं ऐकू नकोस. नवमीला यंत्र बिनपूजेचं ठेवणं बरं दिसत नाही. पायाला कुंकू लाव, हार खाली वाहा, डोळा तेवढा मोकळा सोड. सप्तमीला रात्रीच्या गाडीनं निघते आहे, साडी घेऊन. स्टँडवर घ्यायला ये. नाही आलास तर हिम्मतरावांकडं उतरीन.
कुसुम