बाबा आमच्या वॉर्डात

होनियारा, ४ ऑगस्ट १९८८

ती. मार्सेलाताईस,
एव्हलिनचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या भाजक्या अळकुड्या पोचल्या. खोलीतल्या पोरींनी माझ्या वाट्याला एकच ठेवली. माझ्यापेक्षा तुझ्यावरच त्यांचा जीव जास्त!

ताई, आमच्या वॉर्डात छातीच्या आजाराचा एक म्हातारा आलाय. नाव अलोइस, गाव आपलंच. आई माझ्या वेळच्या बाळंतपणात गेली आणि जो दुसऱ्या बाईबरोबर इकडे निघून आला, तोच. आपला बाप. मला कुठला ओळखायला! विचारत होता, कुणाची गं तू? मी म्हटलं, मार्सेलाची.

त्याचं अंग पुसायची पाळी रोज माझ्यावरच येते. वॉर्ड बदलून मागितला, मेट्रनबाई नाही म्हणाल्या. नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, पण मला नाही जमणार. परत यावंसं वाटतं.

तुझी,
एव्ही

लांगा लांगा, १५ ऑगस्ट

चि. एव्हीस अनेक आशीर्वाद.

परत आलीस तर दारात उभी करणार नाही, सांगून ठेवते. सहावीतून शाळा सुटली तेव्हा तुला पाठीला बांधून मी लग्नात द्यायच्या माळांचे शिंपले घासत बसायची. पलीकडे माझ्या वर्गातल्या पोरी मोठ्याने धडा वाचायच्या. तू रडलीस की तेवढा धडा ऐकायचा राहायचा. ते सगळं तू अर्ध्यावर सोडून येण्यासाठी नव्हतं.

इतर रोग्यांचं करतेस तसंच त्याचं कर. माझा निरोप काही नाही. विचारलंच तर सांग, मार्सेला मेली.

मामी बरी आहे, तुझ्या नावाने रोज प्रार्थना म्हणते.

तुझी,
ताई

ता. क. उताणं झोपलं की त्याला खोकला यायचा. कुशीवर वळव.

होनियारा, ३१ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

काल, मंगळवारी, बाबा गेले. शेवटपर्यंत कुशीवरच ठेवलं होतं.

तू मेलीस असं माझ्याच्याने सांगवलं नाही. तू कशी आहेस ते सांगितलं, मी कोण तेही सांगितलं. त्यांनी माझा हात धरला नाही, माफीही मागितली नाही. एवढंच म्हणाले, की मार्सेला वर्गात पहिली यायची. मग विचारलं, ती येईल का? मी म्हटलं, समुद्र खवळलाय.

त्यांच्या त्या घरातलं कुणी आलं नाही. आम्ही पोरींनीच गाणी म्हणून मूठमाती दिली.

मी शिक्षण पुरं करते, ताई. डिसेंबरात पदवी मिळेल. तू ये. रागावू नकोस.

एव्ही

लांगा लांगा, ८ सप्टेंबर

चि. एव्हीस आशीर्वाद.

रागावले नाही.

त्या मंगळवारी मी औकीच्या धक्क्यावर होते. लोकांना सांगितलं, बहिणीला भेटायला निघालेय. वाऱ्यामुळे बोट सुटलीच नाही. संध्याकाळपर्यंत बसले आणि घरी आले. मामीलाही खरं सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.

डिसेंबरात येते. नर्सचा पोशाख घालून होनियाराच्या धक्क्यावर ये. आधी तिथेच काय ते रडून घेऊ, मग समारंभाला जाऊ. तिथे मला हसायचंय.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई