चारशे बारा डब्यांचे धनी

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे खुर्चीतूनच). तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा राग कसा आहे? पत्राला कारण आहे, पण ते सांगायचं धाडस व्हायला जरा वेळ लागेल.

काका, ऑफिसातली तुमची ती जिन्याखालची खोली फार आठवते हो. एकच टेबल, एकच खुर्ची, तीही तुमची. मी आपला पालथ्या बादलीवर. प्रत्येक पॅकेजची माहिती तुम्ही माझ्याकडून आठ ओळींत लिहून घ्यायचात. (काकू हे वाचणारच, म्हणून सांगतो: पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअरचा डबा, आणि ही माहिती म्हणजे डब्यावरची चिठ्ठी.) नाव, आवृत्ती, कुठून आणायचं, कशावाचून अडतं, असं करत शेवटी 'जबाबदार कोण'. बाकी काही चुकलं तर टपली मिळायची. ती शेवटची ओळ राहिली की मात्र तुम्ही माझ्याशी बोलायचंच बंद करायचात. त्यापेक्षा टपली बरी वाटायची.

तर आता मी ऑफिसात मोठा शहाणा झालो आणि प्रस्ताव मांडला: आठ ओळी कशाला? नाव आणि आवृत्ती एका ओळीत लिहा, बाकीचं प्रोग्रॅम अंदाजाने भरेल. टाळ्या पडल्या. दोन दिवसांत आम्ही चारशे बारा चिठ्ठ्या छाटल्या. प्रोग्रॅमनेही इमानदारीत अंदाज केला. जिथे जबाबदार कोण हे लिहिलेलं नव्हतं, तिथे त्याने ऑफिसच्या माणसांच्या यादीतलं पहिलं नाव घातलं. काका, यादीतलं पहिलं नाव तुमचं आहे. तुम्ही निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ते पुसायला माझा हात धजावला नव्हता.

म्हणजे गेले तीन आठवडे तुमच्याकडे ज्या तक्रारींचा पाऊस पडतोय, तो माझ्या कृपेने. आणि तुम्ही म्हणे प्रत्येकाला उत्तर देताय, तेही सविस्तर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. चुकलो. ती शेवटची ओळ आता सक्तीची करतोय.

तुमचा,
बादलीवरचा पुतण्या

ता. क. दुरुस्ती परवाच तयार झाली. लावायला पाच मिनिटं पुरतील.

आणखी एक ता. क. लावली नाही, कारण काकूंचा फोन आला. रागबिग काही नव्हता. म्हणाल्या, "निवृत्त झाल्यापासून हा माणूस दुपारपर्यंत खिडकीशी बसून असायचा. आता सकाळी दाढी करून टेबलाशी बसतो, जेवताना बोलतो. तू काही दुरुस्त केलंस तर याद राख!" (काकू, इथवर वाचलंत तर माफ करा.) तेव्हा काका, तुम्हीच सांगा, किती डबे ठेवू तुमच्याकडे? फक्त बोलणं बंद करू नका. आणि उत्तर एका ओळीत नको, चांगलं आठ ओळींत लिहा. शेवटच्या ओळीत माझं नाव घाला.