दादा, ती माता नव्हती

प्रिय दादा,

आज आईच्या हातांची पट्टी सुटली. आता पाणी लागलं तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाले. मी आंघोळीला पाणी तापवलं, तर ती जागची उठेचना. म्हणाली, "माया पोराच्या आंगाले मीनं पानी लागू देलं नाही. मंग मले कायले पाहिजे?" पाणी तसंच निवत ठेवून तुला लिहायला बसले आहे.

कुडव्याच्या त्या भंगारच्या दुकानात तू गंजकं लोखंडी नळकांडं गॅस कटरनं कापलंस. कुठून आलं होतं रे ते? मालक अजून सांगत नाही. आतलं तेलासारखं काहीतरी शर्टावर सांडलं. लसणाचा वास होता त्याला, असं घरी येऊन तूच हसत सांगितलंस. फोडणी घालून आलास का, म्हणून मी चिडवलंही.

जळलं असतं तर लगेच धुतलं असतंस ना! पण ते विष अंगावर पडतं तेव्हा जळतच नाही म्हणे. दिवसभर तू त्याच शर्टात काम केलंस. रात्री डोळे लालबुंद, सकाळी मानेवर आणि काखेत पाण्याने भरलेले फोड. आईनं पाहिलं आणि हात जोडले. माता आली! दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला, तुझी आंघोळ बंद झाली. अरे, लहानपणी कांजिण्या झाल्या तेव्हा आपल्या दोघांना एकदमच आली होती की माता! दोनदा येते का कधी? तू तरी बोलायचंस. पण तुझा तर आवाजच बसला होता.

तुझा शर्ट हाताळून आईच्या हातांवरही फोड आले, तेव्हा कुठे आपण दवाखाना गाठला. हे युद्धात वापरायचं विष आहे, मस्टर्ड म्हणतात, असं डॉक्टर म्हणाले. आपल्या कुडव्यात कोणतं युद्ध चालू होतं, दादा?

याला उतारा नाही म्हणाले. आधी श्वासनलिका आतून सोलली, मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपत गेल्या. तू श्वासासाठी तडफडत होतास आणि मी नुसती उभी. कोणाच्या पाया पडू, कळत नव्हतं. अजून कळत नाही.

एक मात्र मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. पहिल्या काही मिनिटांत कपडे काढून अंग धुतलं, तरच खरा उपयोग. फोड दिसले तोवर ते केव्हाच आत शिरलं होतं. आईलाही सांगितलं. ती ऐकते, पण 'धुतलं असतं तर' एवढंच धरून बसते. जेवत नाही.

अशीच बसून राहिली तर तीही जाईल रे. उद्या तिच्या डोक्यावर पहिला तांब्या मीच ओतीन. शिव्या देईल, मारेल. मारू दे. तू तिच्यामुळे गेला नाहीस, हे तिला पटेपर्यंत रोज ओतीन. हे माझं वचन.

तुझी,
छोटी