बिसो म्हणजे काय?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बिसो! बिसो! बिसो! सकाळपासून अकरा वेळा, मोजलंय मी. माझ्या लेकीचं नाव रुची आहे. मीच ठेवलंय. तीन महिने झाले, सासूबाईंच्या तोंडून एकदाही रुची आलेलं नाही.

आज ओमेशला विचारलंच, बिसो म्हणजे काय? नवरा माझा सरळ माणूस, खोटं बोलायचं असलं की कान खाजवतो. खाजवला. "लाडाचं नाव होय. कायले एवढा विचार करून राहिली?"

लाडाचं नाव छकुली असतं, चिमणी असतं. काहीतरी पाणी मुरतंय.

१४ नोव्हेंबर

मोबाईलवर शोधलं. बाळांच्या नावांचे अर्थ सांगणारी साइट. बिसो — अर्थ उपलब्ध नाही. शुभ रंग मात्र पिवळा आणि शुभ वार गुरुवार! अर्थ माहीत नाही तर रंग कुठून आणला?

सासूबाईंचं माहेर छत्तीसगडात, राजनांदगावकडचं, शब्द तिकडचाच असणार. विचारलं तर म्हणाल्या, "पोरगी चालाले लागली का सांगीन." आत्ता का नाही?

१५ नोव्हेंबर

शेजारच्या अनुसयाबाई आल्या. रोजच येतात. आज दारातूनच हाक — "माही बिसो उठली का?"

माही! म्हणजे त्यांची?

त्यांना एकच मुलगा, भुपेंद्र. वीस वर्षांचा, नवेगाव बांध या गावी मोटारी दुरुस्त करतो. लेक नाही, आणि लेकीची हौस सगळ्या गल्लीला ठाऊक. आज चांदीचे वाळे आणले. मला न विचारता पोरीच्या पायात घातलेही. मी चहा घेऊन आले तर दोघी एकदम गप्प! मग म्हणे धानाची कापणी कधी. आमची कापणी होऊन आठ दिवस झाले.

१८ नोव्हेंबर

ऐकलं. कपडे वाळत घालत होते, कुंपणाशी सासूबाई बोलत होत्या. "तुही पोरगी आहे ते, अनुसया. आमची नाई. आमी तं देऊन टाकली."

आधीची दोन गेली माझी — एक सातव्या महिन्यात पोटातच, एक नवव्या दिवशी. ही तिसरी जगली, आणि हिला परस्पर देऊन टाकली? ओमेशलाही माहीत असणार. त्याशिवाय कान खाजवला नाही.

दिवसभर रुचीला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

१९ नोव्हेंबर

अनुसयाबाई अंगणात आल्या तेव्हा वाळे काढून त्यांच्या हातात दिले. म्हटलं, "माह्या लेकीवर नजर ठेवू नका. या घरात पाय टाकू नका."

रुचीची टोपी कानावरून सरकली होती, ती त्यांनी नीट केली आणि गेल्या. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "काय केलं व तू हे!"

तीच तारीख, संध्याकाळ

सगळं सांगितलं सासूबाईंनी. त्यांच्या माहेरी बिसाना म्हणजे विकत घेणं. बिसो म्हणजे विकत घेतलेली. ज्या घरी लेकरं जगत नाहीत तिथलं नवं लेकरू पाचव्या दिवशी शेजारणीला विकायचं, सूपभर तांदळाला. मग ते या घरचं राहत नाही, आणि या घरचं दुर्दैव त्याला ओळखत नाही. राहतं आईजवळच. आईला मात्र ते चालेपर्यंत सांगायचं नाही. आई मनातून विकत नाही ना!

मी चिडलेच. अडाणीपणा नुसता! आणि अनुसयाबाईंना काय, फुकटात लेक मिळाली.

"फुकट?" सासूबाईंचा आवाज चढला. "चार घरी घेऊन गेली मी तिले. घेणाऱ्याच्या लेकरावर इडापिडा येते म्हणतेत, तं समद्याइनं दार लावलं. अनुसयाले एकच पोरगा, तरी तिनं घेतलं."

तांदळाचं काय झालं, विचारलं. पाचव्या दिवशी मला पेज दिली होती, ती त्याचीच. मीठ कमी आहे म्हणून मी कुरकुरले होते.

लाज वाटते मला. नुसती लाज.

२१ नोव्हेंबर

कुंपणापर्यंत गेले, परत आले. कोणत्या तोंडानं जाऊ?

२३ नोव्हेंबर

आजही नाही. ओमेश म्हणतो, "जा न व. खाऊन थोडीच टाकतेत." त्याला काय जातंय बोलायला.

२६ नोव्हेंबर

भुपेंद्रला डेंग्यू. काल दुपारी गोंदियाला दवाखान्यात नेला. पेशी उतरतच चालल्यात. नळावर बायका बोलत होत्या — घेतली होती न पोरगी, आता भोगा.

मला हे पटत नाही. डास चावतो, त्याला कोण कुणाचं ते काय कळतं! पटत नाही म्हणून चारदा स्वतःलाच सांगितलं. आणि रुचीला बघायला पुन्हापुन्हा पाळण्याशी जाते आहे.

२७ नोव्हेंबर

रुचीला सासूबाईंजवळ ठेवलं आणि पहिल्या बसने गोंदिया गाठलं. अनुसयाबाई वॉर्डाबाहेर बाकावर होत्या. तांदळाची पिशवी पुढे केली. म्हटलं, "भुपेंद्र मले विका."

त्या म्हणाल्या, "बाई, तुले एकच पोरगी आहे न व."

"माही घेतली तवा तुमालेही एकच होता."

त्यांनी तांदूळ घ्यायला पदर पसरला.