मोठ्या सरांच्या वतीने

३ फेब्रुवारी २००३, सोमवार
आजपासून हॉस्पिटलचा कॉम्प्युटर, ईमेल आणि इंटरनेट यांचा संपूर्ण चार्ज माझ्याकडे. मोठे सर, म्हणजे डॉ. सरनोबत, राउंडला जाता जाता म्हणाले, "सोमशेखर, ते नेटचं तूच बघ बाबा." ऑर्डर लेखी नाही, पण अर्थ सिस्टिम मॅनेजर असाच होतो. आतापर्यंत बिलं टाईप करत होतो. तीही करायची आहेतच.

संध्याकाळी नियम टाईप करून भिंतीवर लावले. इंटरनेट फक्त हॉस्पिटलच्या कामासाठी. खाजगी मेल बंद. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मेलची प्रिंट सरांच्या ट्रेमध्ये. सर स्क्रीनवर वाचत नाहीत, डोळे चुरचुरतात म्हणतात.

आनंद व्हायला हवा होता. विशेष काही वाटलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
वहिनीनं गारगोटीचं स्थळ काढलंय. मुलगी दानेश्वरी. बी.एस्सी., कॉम्प्युटरचा डिप्लोमा, बिद्रीला नोकरीला जाते. फोटो बघितला. चांगली आहे. इतकी वर्षं इतके फोटो बघितलेत की चांगली आहे एवढंच म्हणता येतं. थोरला भाऊ अण्णा म्हणाला, "पस्तिशी उलटली. ह्यात तरी घोळ घालू नकोस."

बायोडेटात पद सिस्टिम मॅनेजर लिहिलं. 'हाताखाली स्टाफ' हे वहिनीनं घातलं, मी खोडलं नाही. खाली हॉस्पिटलचा ईमेल दिला. घरी फोन आहे, पण ईमेल असला की वजन पडतं. यात नियम मोडला असं नाही. मेल पाठवलेला नाही, नुसता पत्ता दिलाय.

८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी
निश्चय. नेट दिवसातून एकदाच, दुपारी एक ते दोन. नेट चालू असलं की हॉस्पिटलचा फोन एंगेज लागतो. शिस्त म्हणजे शिस्त.

संध्याकाळी
दिवसभर चालूच होतं. गारगोटीचा मेल आला तर कळावं म्हणून. पिराजी शिपाई येऊन म्हणाला, "सायेब, फोन लागंना म्हणून डिलिव्हरीची पेशंट रिक्षानं आलीया. तेवढं तुमचं इंटरनेट काढा की." त्याला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत. काढलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
मेल आला. माझ्या नावानं नाही, सरांच्या नावानं. मुलीच्या मामांचा. स्थळाची बाहेरून चौकशी करायची पद्धतच आहे. आमचा अण्णासुद्धा मुलीच्या गावात जाऊन पानपट्टीवर विचारून येतो. मामांनी आमच्या घरच्या भागात, शिवाजी पेठेत, माणूस पाठवायच्या ऐवजी बायोडेटातला पत्ता बघून थेट हॉस्पिटललाच लिहिलं. "आपल्याकडील सोमशेखर यांचे पद, स्वभाव व व्यसने याबद्दल गुप्तपणे कळवावे. मुलाला कळू देऊ नये."

मेल मीच उघडला. उघडायचं काम माझंच आहे. गुप्त असल्यामुळे कुणाला दाखवणं योग्य नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
उत्तर पाठवलं. सर दिवसभर ऑपरेशनमध्ये, त्यांना त्रास नको म्हणून त्यांच्या वतीने. "मुलगा अत्यंत हुशार व निर्व्यसनी. आमचा संपूर्ण कॉम्प्युटर विभाग तोच सांभाळतो. विभाग आणखी वाढवायचा आहे, पण त्याच्या तोडीची माणसे मिळत नाहीत." निर्व्यसनी हे पूर्ण खरं आहे. तंबाखू फक्त जेवणानंतर.

खाली सरांचं नाव. हे खोटं धरता येणार नाही. सरांची पत्रं आजवर मीच टाईप करतो, ते सही करतात. ईमेलला सही लागत नाही, एवढाच फरक.

दोन्ही मेलच्या प्रिंट ट्रेमध्ये ठेवल्या. सर ट्रेमधलं काही वाचत नाहीत. तरी माझ्या विभागात नियम सगळ्यांना सारखा.

१५ फेब्रुवारी, शनिवार
मामांचा मेल. समाधान झाले, पुढच्या रविवारी मुलगी बघायला या. वहिनीनं तोंडात साखर घातली. मला काही विशेष वाटलं नाही. दोनदा आरशात बघितलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सरांनी ट्रे वाचला. औषध कंपनीचं बिल शोधत होते.

केबिनमध्ये बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. प्रिंट पुढे धरून विचारलं, "हा एवढा हुशार मुलगा आपल्याकडं बसतो कुठं रे?" मी म्हणालो, बिलिंगला. मग त्यांनी स्वतः पॅडवर लिहिलं. "मुलगा सरळ आहे. कामावर वेळेवर येतो. टायपिंग चांगले. कॉम्प्युटर शिकत आहे. आधीचा मेल मी लिहिलेला नाही, त्यानेच लिहिला होता." म्हणाले, आजच पाठव. आमच्याकडे मेल पाठवता येणारा माणूस एकच आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
काल लाइन खराब होती. आजही असावी. पिराजी म्हणतो, लाइन चांगली हाय, आत्ताच घरला फोन केलता.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सरांनी विचारलं. पाठवला. शेवटचं वाक्य टाईप करून दोनदा तपासलं. एकही चूक नाही. मग सेंड दाबलं.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं. डबा तसाच परत नेला.

२२ फेब्रुवारी, शनिवार
मामांचा मेल. उद्याचा कार्यक्रम रद्द समजावा. अण्णा बोलत नाही. वहिनी बोलते, पण भांड्यांशी. माझं मत असं की प्रामाणिकपणाची त्या लोकांना कदर नाही.

३ मार्च, सोमवार
दानेश्वरीचा मेल. स्वतःचा. उघडायला पाच-दहा मिनिटं लावली.

सरांच्या नावानं आहे. "आपल्या विभागात योग्य माणसे मिळत नाहीत असे मामांना आलेल्या मेलमध्ये वाचले. तो मेल कोणी लिहिला याच्याशी मला कर्तव्य नाही. जागा असल्यास मुलाखतीस बोलवावे." सोबत बायोडेटा. तिच्या बायोडेटात सगळं खरं दिसतंय.

प्रिंट ट्रेमध्ये ठेवली. सर आता ट्रे रोज वाचतात.

विचार केला. अर्ज हे निमित्त असणार. तिला मला बघायचं असेल, मुलगी उघड कसं म्हणेल? नवा शर्ट शिवायला टाकला.

१० मार्च, सोमवार
मुलाखत झाली. सिस्टिम दाखवायला मला बोलावलं. शर्ट मिळाला नव्हता, जुनाच घातला. तिनं सरांना सांगितलं की नेटसाठी वेगळी लाइन घ्या, पेशंटचा फोन अडायला नको. हे मीही सांगणार होतो. सर खूश. तिची ऑर्डर लेखी. टाईप मी केली. पद, सिस्टिम मॅनेजर.

निराश व्हायचं कारण नाही. उलट चांगलंच झालं. रोज समोर बसलं की माणसाचे गुण दिसतात. आधी महिनाभर तिला सगळं शिकवायचं, मग वहिनीकडून परत विषय काढायचा.

१ एप्रिल, मंगळवार
जॉइन झाली. नवा शर्ट घालून गेलो. कॉम्प्युटरची खुर्ची तिला, मी परत काउंटरवर. तासाभरात तिनं मेलचा पासवर्ड बदलला. शिकवायच्या दृष्टीनं मी तो विचारला. सगळ्या स्टाफसमोर अगदी मायेनं म्हणाली, "दादा, तुमचं काही पाठवायचं असलं तर मला सांगा की, मी पाठवते."

सगळ्यांनाच दादा म्हणत असेल, असं धरून चाललो. पण दिवसभर नीट ऐकलं. पिराजीला मामा म्हणते. एक्स-रेचा सयाजी, तोही बिनलग्नाचा, त्याला सयाजीराव म्हणते. दादा मला एकट्यालाच.

संध्याकाळपर्यंत सगळी बिलं टाईप करून संपवली.