मुलांची बाग काकासाहेबाला न देण्याबद्दल

मी, वच्छलाबाई रामकिसन ठोंबरे, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार मुकुंदवाडी, औरंगाबाद, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, भरीस पाडलेले नाही, आणि औषधाची गुंगीही नाही. डॉक्टरांनी आज सकाळीच तपासले आहे. माझ्या माघारी माझ्या मिळकतीचे काय करायचे ते मी ठरवले आहे. तसे का ठरवले तेही लिहिते, कारण मी न लिहिल्यास लोक आपापल्या मनाने सांगत सुटतील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मुखत्यारपत्र एकदा केले होते, ते रद्द केले आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

कलम १. माझे माहेर देवगाव रंगारी. वडील पुंजाराम शेतकरी होते. निजामाच्या राज्यावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली मी अकरा वर्षांची होते. त्यानंतर गावात मराठी वर्ग वाढले आणि वडिलांनी मला मुलांच्या मागे भिंतीला टेकवून बसवले. तिथून पुढे मी शिकत गेले. शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी औरंगाबादेत आले तेव्हा वसतिगृहात शेजारच्या खाटेवर मंजुळाबाई होती. तिच्या घरी मेंढरे होती. वडील कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरत, तेव्हा तिला मामाकडे ठेवून जात. म्हणून तिची शाळा झाली, असे ती हसून सांगायची. तिचे पूर्ण नाव मंजुळाबाई बिरू शिंगाडे. दस्तात तेच धरावे. मी मात्र पुढे मंजुळा असेच लिहीन, दुसरे काही लिहायला हात वळत नाही.

कलम २. राहते घर, दोन खोल्या, पुढचा ओटा आणि मागची न्हाणी, हे माझी सून लक्ष्मीबाई काकासाहेब ठोंबरे हिला देते. माझा मुलगा काकासाहेब याने त्यात तिच्या नवऱ्याच्या नात्याने राहावे. घर त्याच्या नावे करू नये. माझ्या पाटल्याही लक्ष्मीलाच. तिने मला कधी उलट उत्तर दिले नाही, आणि ज्या दिवशी द्यायला हवे होते त्या दिवशी माझ्या मुलाला दिले.

कलम ३. माझ्या नणंद भागूबाई यांच्याकडे माझे तांब्याचे घंगाळ आहे. बारशाला म्हणून नेले, त्या नातवाचे लग्न झाले तरी आले नाही. ते त्यांनी ठेवून घ्यावे. मी बागेतून घरी यायची तेव्हा, मास्तरीण असून हिच्या नखांत माती, असे त्या चार बायकांत म्हणत. माती होतीच. त्याबद्दल आता राग नाही, पण घंगाळ मी त्यांना प्रेमाने दिले असे त्यांनी कोणाला सांगू नये.

कलम ४. आता बाग. मुकुंदवाडी स्टेशनाच्या पलीकडची एक एकर जमीन, विहीर व पत्र्याच्या खोलीसह. ही माझे यजमान रामकिसन यांनी नोकरीत असताना विकत घेतली आणि बक्षीसपत्राने माझ्या नावे केली. ती वडिलोपार्जित नाही. तिच्यावर माझा एकटीचा हक्क आहे आणि तिचे काय करायचे ते ठरवण्याचा अधिकारही माझा आहे. हे स्पष्ट लिहिते, कारण यावरच वाद होणार आहे.

बाग कशी झाली ते थोडक्यात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. फळ्यावर जास्वंदीचे फूल काढून त्याचे भाग दाखवत होते. मंजुळा शेजारच्या वर्गावर होती. ती दारातून म्हणाली, “फूल आंगणात हाय, आन् तू खडू झिजवतीस.” त्या दिवशी आम्ही दोन्ही वर्ग अंगणात नेले. पुढे शनिवारी दुपारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना या जमिनीवर आणू लागलो. यजमानांनी विहिरीला रहाट बसवून दिला. रुळांकडेच्या झोपड्यांतली मुले यायची, वाडीतल्या शेतकऱ्यांची यायची, मंजुळाच्या मेंढपाळ वस्तीवरची यायची, आणि पुढे सिडकोतल्या बंगल्यांतलीही येऊ लागली. रुईच्या पानावरची पट्ट्यापट्ट्यांची अळी रोज पाहून फुलपाखरू होईपर्यंत तिची चित्रे काढायची. पाऊस मोजायचा. उन्हात काठी रोवून तिची सावली आखायची. खताच्या खड्ड्यात हात घालून तो आतून गरम का, हे आधी ओळखायचे आणि मग शिकायचे.

सीताफळाची रांग आम्ही मुद्दाम लावली. सीताफळाचे फूल आधी मादीसारखे वागते आणि ती वेळ निघून गेल्यावर त्यातला पराग सुटतो. म्हणून एका फुलाचा पराग ब्रशाने दुसऱ्याला लावला तर फळे भरपूर धरतात. मुलांना हे काम फार आवडे. काकासाहेब नऊ वर्षांचा असताना त्याने पराग लावलेल्या फुलाला फळ धरले, तर त्याने ते कोणाला तोडू दिले नाही. देठ सुटून खाली पडेपर्यंत राखण केली.

निवृत्तीनंतर आम्ही दोघी पूर्ण वेळ बागेतच असायचो. तिथे बाई म्हणून मुले आम्हा दोघींना एकच हाक मारत. कोणती बाई, हे त्यांना कधी सांगावे लागले नाही आणि आम्हालाही कधी विचारावे लागले नाही.

कलम ५. हे कलम लिहायला मी तीनदा बसले आणि उठले.

डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी काकासाहेबाला मुखत्यारपत्र लिहून दिले होते. घरपट्टी, वीज, महापालिकेचे कागद यांसाठी मला कचेऱ्यांत जायला लागू नये, एवढाच हेतू होता. गेल्या वर्षी मार्चमध्ये मी आणि मंजुळा मुलांना घेऊन दौलताबादला गेलो होतो. किल्ल्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्यांच्या सीताफळाच्या बागा पाहायच्या, मातीचे नमुने आणायचे, असा बेत होता. मुलांनी माती पुड्यांत बांधून आणली. टेम्पोतून उतरलो तर आमच्या बागेचे फाटक उघडे होते आणि आत जेसीबी चालू होता. अर्धी बाग भुईसपाट झाली होती. रुई नव्हती, खताचा खड्डा बुजला होता, सीताफळाची रांग बुंध्यापासून कापून एका बाजूला ढीग केली होती. मोकळ्या मातीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. मध्यभागी माझा मुलगा छत्री घेऊन उभा होता.

मुले पुड्या हातात धरून उभी राहिली. जेसीबी चालवणाऱ्याने, त्याचे नाव सांडू, त्यांना पाहून इंजिन बंद केले. खाली उतरून तो काकासाहेबाला म्हणाला, “साहेब, तुम्ही पडीक हाय म्हणला होता. हितं तर पोरं शिकत्यात.” काकासाहेबाने त्याला काम पुरे करायला सांगितले. सांडूने मशीन बागेबाहेर काढले आणि तो निघून गेला. मागची अर्धी बाग आज आहे ती त्याच्यामुळे.

मंजुळा पुढे झाली. हे कोणाला विचारून केले, एवढेच तिने शांतपणे विचारले. माझ्या मुलाने, जो तिच्या मांडीवर खेळला, ज्याला अक्षरे तिने गिरवून घेतली, तिला सगळ्या मुलांसमोर उत्तर दिले, “तुमचा काय संबंध? ही काय मेंढरं बसवायची जागा नाय.”

वस्तीवरची मुले तिथेच होती. त्यांनी ते ऐकले. मंजुळाने त्याच्याकडे पाहिले, मग मुलांकडे वळून तिने त्यांना उभी असलेली झाडे कोणती ते लिहून घ्यायला सांगितले. मुलांनी लिहून घेतले. मी काकासाहेबाच्या हातातली छत्री ओढून फेकली आणि त्याला फाटकाबाहेर जायला सांगितले. तो गेला. पण ते वाक्य निघून गेले नाही.

घरी आल्यावर मी त्याला विचारले, हे तू का केलेस. मला वाटले, तो जमिनीचे भाव सांगेल. त्याने ते सांगितले नाही. तो म्हणाला, “मला लाज वाटायची, आई. लहानपणापासनं. ठोंबऱ्यांची बाई एक एकरात मुंग्या मोजत बसती, म्हणून पोरं हसायची. आजबी हसत्यात. मला एकदाचं ते संपवायचं होतं.”

हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. सगळ्या गावाच्या मुलांना काय वाटते ते मी विचारत होते, आणि माझ्या घरातल्याला कधी विचारले नाही. त्या रात्री लक्ष्मीने त्याला ताट वाढले नाही. ती त्याला म्हणाली की ज्या बाईने तुम्हाला लिहायला शिकवले तिचे पाय धरून या, मग जेवा. तो गेला नाही. बाहेर जाऊन जेवून आला.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन मुखत्यारपत्र रद्द केले. प्लॉट घ्यायला निघालेल्यांना मी स्वतः जाऊन सांगितले की जमीन माझी आहे आणि विकायची नाही. त्यांच्यापैकी एकाची मुलगी आमच्या शनिवारी येणाऱ्यांतली होती. त्याने मान खाली घातली, मीही घातली.

कलम ६. त्यानंतरचे दोन शनिवार मी बागेत गेले नाही. मंजुळासमोर जायला मला तोंड नव्हते. मुलगा माझा, दूध माझे, आणि बोलणे तिला. दार लावून घेऊन घरात बसले. तिसऱ्या शनिवारी ती दारात आली. आत आली नाही, ओट्यावर बसली.

मी म्हणाले, “मंजुळा, काय तोंडानं येऊ?”

ती म्हणाली, “पोरं इचारत्यात बाई कुठं हायत. सीताफळाच्या बुडातून फुटवा आलाय. कुठल्या बुंध्याला आधी आला, कुठल्याला नाय, त्याची वही घातलीय. बघायला चल.”

मी पायात चपला घालून गेले. कापलेल्या बुंध्यांभोवती मुले बसली होती. प्रत्येक बुंध्यावर मुलांनी चिठ्ठी बांधली होती आणि खाली विहिरीचे पाणी घातले होते. बुंधा मेला का नाही हे कसे ओळखायचे, साल खरवडून हिरवे दिसते का ते कसे पाहायचे, हे मंजुळा त्यांना शिकवत होती. माझ्या मुलाने केलेल्या नासाडीचा तिने धडा करून ठेवला होता. मुलांनी मला जागा करून दिली. कोणी काकासाहेबाचे नाव काढले नाही. त्यांनी काढले असते तर मला कमी लाज वाटली असती.

त्या दिवसापासून आजपर्यंत मला तिची माफी मागायची आहे. रोज भेटते आणि रोज पाण्याबद्दल, वाळवीबद्दल, मुलांबद्दल बोलून घरी येते. म्हणून इथे मागते. मंजुळा, तो माझा मुलगा आहे, त्याचे बोलणे माझ्या पदरात आहे. मला माफ कर.

कलम ७. वरील बाग, विहीर, खोली, दोन सूक्ष्मदर्शक, पर्जन्यमापक, भिंगे, खुरपी, झाऱ्या आणि मुलांनी काढलेली सर्व चित्रे मी, आम्ही दोघींनी नोंदवलेल्या बालविज्ञान मंडळास कायमची देते. मंडळाच्या अध्यक्षा मंजुळाबाई बिरू शिंगाडे तहहयात राहतील. त्यांच्या पश्चात वस्तीवरच्या व वाडीतल्या पालकांनी मिळून अध्यक्ष निवडावा. जमीन विकता, गहाण ठेवता किंवा भाड्याने देता येणार नाही. माझा मुलगा काकासाहेब रामकिसन ठोंबरे याला या जमिनीत कोणताही हक्क नाही. त्याने बागेत यावे, पाहावे, पण कब्जा मागू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी ॲडव्होकेट विमल साळवे यांना नेमते.

कलम ८. या जागी मी दुसरे कलम लिहिले होते. काकासाहेबाने मला अग्नी देऊ नये, खांदा देऊ नये, दहाव्याला बसू नये, असे त्यात होते. मसुदा मी मंजुळाला वाचून दाखवला. सातव्या कलमापर्यंत तिने ऐकून घेतले, सहाव्यातली माफीसुद्धा. आठवे ऐकल्यावर तिने कागद माझ्या हातून घेतला.

“ह्ये काढ,” ती म्हणाली. “न्हायतर बाग मला नको.”

मी म्हणाले की त्याने तिला काय बोलून ठेवले ते ती विसरली का.

“इसरले नाय. मरूस्तोर इसरणार नाय. पर ते त्यानं मला बोललं, तुला नाय. माझ्या नावानं तू त्याला आईच्या चितेवरनं हाकलू नको. तेवढं माझ्या अंगाला लावू नको, वच्छला.”

तिला नाही म्हणायला मला जागा नव्हती. ते कलम मी खोडले आणि हा कागद पुन्हा पहिल्यापासून उतरवला. तेव्हा माझा अंत्यविधी काकासाहेबानेच करावा. त्याला यायचे नसेल तर लक्ष्मीने करावा. कोणी त्याला ओढून आणू नये.

कलम ९. शेवटची सूचना. हे मृत्युपत्र बागेत वाचू नये. मंजुळासमोरही वाचू नये, तिला सगळे ठाऊक आहे. वकीलबाईंनी ते घरी, दार लावून, फक्त काकासाहेब आणि लक्ष्मी यांच्यासमोर वाचावे आणि पाचव्या कलमाला पोचल्यावर त्याच्याकडे पाहू नये. मुलांसमोर मान खाली घालून उभे राहणे काय असते ते मला माहीत आहे. त्याच्यावर ती वेळ येऊ नये.

येथवर वाचून पाहिले, खाडाखोड नाही, मजकूर माझ्या मनासारखा आहे. खालील दोघांसमोर सही केली.

वच्छलाबाई रामकिसन ठोंबरे
(सही)

आम्ही खाली सह्या करणारे, वच्छलाबाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. त्या शुद्धीत होत्या. सही करताना त्या रडत होत्या, परंतु हात स्थिर होता.

साक्षीदार १. डॉ. शकील अहमद सिद्दीकी, वैद्यकीय व्यवसाय, मुकुंदवाडी (सही)

साक्षीदार २. बद्रीनाथ भाऊराव दांडगे, शेजारी, निवृत्त रेल्वे कर्मचारी, मुकुंदवाडी (सही)

स्थळ : मुकुंदवाडी, औरंगाबाद
दिनांक : २१ ऑगस्ट २०१०, शनिवार