पहिलं नको

४ नोव्हेंबर, मंगळवार

टक् टाक् टाक्. टक् टाक् टाक्.

घैसास मास्तरांचा रूळ! टेबलावर असा वाजायचा आणि त्या तालावर आमचा सातवीचा अख्खा वर्ग कविता म्हणायचा. ध्रुवपद जवळ आलं की रूळ वरच थांबायचा. आम्ही श्वास धरून. खाली आला की पुन्हा तीच ओळ! दरवेळी आधीपेक्षा गोड लागायची. आज सकाळी अर्धवट झोपेत तो रूळ ऐकला, ओठ आपोआप हलायला लागले. जाग आली तेव्हा कळलं — वाई नव्हे, आयर्लंड. आणि मास्तर नव्हेत, खालच्या मजल्यावरचं जुगाराचं मशीन.

लगागा लगागा लगागा लगागा. शुद्ध भुजंगप्रयात. कुठे यतिभंग नाही!

तर मी कॅसिनोत राहतो आहे. म्हणजे कॅसिनोच्या डोक्यावर. खाली मशिनांचं दालन, वर हॉटेल. समुद्रकाठचं गाव, उन्हाळा सरलेला, त्यामुळे स्वस्त. "बाबा, रिव्ह्यू चांगले आहेत," संकेत म्हणाला. "ब्रेकफास्ट इन्क्लुडेड. खाली कॅसिनो आहे, पण तुम्हाला काय त्याचं!"

खरंच, मला काय त्याचं. मी आपला मुलाकडे आलो आहे. मुलगा स्लायगोत राहतो. इथून मोटारीने अर्धा तास.

गालिच्यावर इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. बाथरूमला जाताना रोज एक राणी तुडवावी लागते.

५ नोव्हेंबर

हे कसं झालं ते एकदा नीट लिहून काढतो.

ऑगस्टात संकेतचा फोन. "बाबा, माझ्या कामाच्या खोलीत सोफा-कम-बेड आहे. तिथे राहाल, की जवळपास हॉटेल बघू?"

मी म्हणालो, "नको रे, तुम्हाला कशाला अडचण. हॉटेल बघ."

आणि त्याने बघितलं!

पुढे म्हणाला, "हिवाळाभर राहता का? व्हिसा तीन महिन्यांचा मिळतोय."

"नको, नको. इतके दिवस कशाला!"

चौदा तारखेचं परतीचं तिकीट काढून मोकळा झाला.

आता यात माझं काय चुकलं? आमच्याकडे पहिलं नको म्हणजे नको नसतं. दाराबाहेर चपला काढाव्यात तसं ते असतं — आत यायच्या आधीचं. दुसऱ्यांदा विचारलं की "बरं, बघू" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की यायचं. स्नेहलता असती तर तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला असता. लग्नाच्या पंगतीत ती वाढप्यांना सांगायची, "त्यांचं ऐकू नका हो. नको म्हणाले की जरा थांबा, आणि वाढा." ती जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून माझं नको सगळे जसंच्या तसं घेतात. अर्धपोटी आहे मी.

संकेत म्हणतो, "मी तुमच्या निर्णयाचा आदर करतो, बाबा."

आदर! लहानपणी करत नव्हता तेव्हा एका घरात तरी राहत होतो.

मला थांबायचं आहे. हिवाळाभर. सोफ्यावर, जमिनीवर, कुठेही. हे या पानाला सांगतो आहे, कारण पान उलटून "ओके बाबा" म्हणत नाही.

६ नोव्हेंबर

पाऊस आडवा. मशीन भुजंगप्रयातात.

७ नोव्हेंबर

न्याहारीला नोरीन नावाची बाई असते. माझ्याच वयाची. गुडघे माझ्यापेक्षा बरे. आज किटली घेऊन डोक्याशी उभी.

"टी?"

"नो, थँक यू."

"आह, यू विल."

"नो, नो, रिअली..."

"यू विल, यू विल!" आणि ओतलासुद्धा!

माझे डोळे भरून आले. चहामुळे नव्हे, चहा पांचट आहे. पण सातासमुद्रापार एका बाईला माझं नको कळलं! वाईत कुठल्या घरात वाढली ही?

मग धीर करून खालच्या दालनात डोकावलो. एकही माणूस नाही, तरी मशिनं आपली गातायत, दिवे लावतायत. नोरीन टेबलं पुसत होती. विचारलं, कुणी खेळत नाही तर वाजतात कशाला? म्हणाली, बोलावण्यासाठी. रस्त्याने जाणारा आत यावा म्हणून. नाही आला तर पुन्हा वाजायचं. पुन्हा नाही आला, पुन्हा.

म्हणजे या इमारतीत किटली आग्रह करते, मशिनंही आग्रह करतात. पोटचा मुलगा तेवढा एकदा विचारून गप्प बसतो.

एकदा विचारलं तर ते गद्य. ध्रुवपद नसेल तर कविता कसली?

९ नोव्हेंबर, रविवार

आज संकेतकडे जेवायला. घर छोटं, छान. खिडकीतून एक डोंगर दिसतो, टेबलासारखा सपाट. आपल्या पाचगणीचा आयरिश मावसभाऊ.

कामाच्या खोलीत डोकावलो. सोफा उघडून पलंग केलेला! चादर नवी, उशी नवी, उशाशी दिवा. कोणीतरी राहायला येणार दिसतंय. कोण, ते विचारलं नाही. आपल्याला काय करायचंय.

निहारिका — सूनबाई — तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, सध्या रात्रपाळी. डोळे तारवटलेले, तरी तिने पुडाच्या वड्या केल्या होत्या. नागपूरची मुलगी. लग्नात तिच्या काका-मामांनी दोन्ही हात धरून माझ्या तोंडात जिलबी कोंबली होती! मला वाटलं, इथे तरी.

"बाबा, अजून एक वडी?"

"नको, पुरे."

तिने झाकण ठेवलं.

मी वाट पाहिली. कोशिंबीर एकेक दाणा करून खाल्ली. संकेत ऑफिसातल्या कुणाबद्दल काहीतरी सांगत होता — "युअर मॅन असा, युअर मॅन तसा". इकडे 'तो गडी'ला युअर मॅन म्हणतात. मी झाकणाकडे बघत होतो. झाकण हललं नाही. नागपूरच्या मुलीने एकदाच विचारावं याचा अर्थ न कळायला मी काही काल जन्मलो नाही.

दिवाळीच्या चकल्यांचा डबा नेला होता. निहारिका म्हणाली, "नको बाबा, तुम्हाला असू द्या ना हॉटेलात." बरं, म्हटलं. आणला परत.

१० नोव्हेंबर

सकाळच्या फिरायच्या ग्रुपवर खिडकीतून काढलेला समुद्राचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'मुलाच्या घरून'. दोन मिनिटांत विलासचा निरोप — "काचेत कॅसिनोची पाटी उलटी दिसतेय! मजा आहे बुवा एका माणसाची!"

खरं सांगायची सोय राहिली नाही. हसरं तोंड पाठवलं.

११ नोव्हेंबर

संकेत कामावरून परस्पर इकडे आला. आज विचारणार, खात्री होती. दुसरी वेळ म्हणून "बरं, बघू" तयार ठेवलं होतं. आरशापुढे म्हणूनही पाहिलं. फार उत्सुक दिसू नये, फार कोरडंही नको.

पलंगाच्या कडेवर बसला. मशीन ऐकत राहिला थोडा वेळ.

"बाबा, झोप लागते ना इथे?"

"लागते की."

"सगळं ग्रँड?" इकडे 'ठीक'ला ग्रँड म्हणतात.

"ग्रँड," मी म्हणालो. मी! ग्रँड!

"शुक्रवारी सकाळी घ्यायला येतो. विमानात खिडकीची जागा घेतलीय तुमच्यासाठी."

खिडकीची जागा. लहानपणी एस.टी.त हा खिडकीसाठी रडायचा. मी उठून द्यायचो. जाताना दारात घुटमळला, काहीतरी बोलणार असं वाटलं. मीही घुटमळलो. मग म्हणाला, "दार नीट लावा हं."

"बरं, बघू" तसंच राहिलं.

१२ नोव्हेंबर

बॅग भरली. चकल्यांचा डबा काही केल्या मावेना. खाली नेऊन नोरीनपुढे धरला.

"ओह नो, आय कुडन्ट!"

"प्लीज."

"आह नो, दे आर युअर्स!"

"यू विल, यू विल," मी म्हणालो.

घेतला! उभ्या उभ्या दोन खाल्ल्या. तिखटाने नाक लाल झालं, तरी "लव्हली" म्हणत तिसरी उचलली. जिना चढताना स्वतःवरच खूश होतो. भुजंगप्रयातात पाऊल पडत होतं.

मधल्या पायरीवर एक गोष्ट मनात आली आणि थांबलो. रविवारच्या डब्याची. इथे लिहीत नाही. लिहिली तर पुन्हा वाचावी लागेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दारावर टकटक. नोरीन टॉवेल घेऊन आली असेल म्हणून तसाच बनियनवर उघडलं.

निहारिका!

एकटी. गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड, पावसाने केस चिकटलेले, हातात गाडीची किल्ली घट्ट धरलेली. लायसन्स नवं आहे, मोठ्या रस्त्यावर गाडी काढायला घाबरते, असं संकेतच म्हणाला होता.

"आत ये," म्हणायच्या आधीच आत आली आणि बोलायलाच लागली. "संकेत म्हणे, बाबांना आग्रह केलेला आवडत नाही, त्यांच्या मागे लागू नको. हात बांधून बसून राहिले मी, बाबा! वडीचं झाकण लावताना जीव जाऊन राहिला होता माझा. ती खोली महिनाभर लावून ठेवली आहे. कोणासाठी? तुम्ही एकदा तरी म्हणायचं ना — निहारिका, येऊ का! आणि चकल्या? मी एकदा नको म्हटलं, तर डबा उचलून चालले? असं करतात का, बाबा?"

खाली मशीन आपलं बोलावत होतं.

"येऊ का?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा, आपणहून.

तिने बाहीने नाक पुसलं. पलंगावरची माझी बॅग उचलून खांद्याला लावली.

"नको," म्हणाली.

मी पुन्हा विचारलं.